कधीतरी मिळणारी साखर

आमच्या उंदरांना साखरेची गोळी लागते आणि आईला दादाचा फोन. माझी बरीचशी उमेद या दोन गोष्टींच्या मागे गेली, असं मी हल्ली लोकांना सांगते. लोक हसतात, मग मीही हसते.

मी लखनऊतल्या एका संशोधन संस्थेत काम करते. गाव सांगलीकडचं. लग्न केलं नाही, त्याची कारणं आता मलाही धड आठवत नाहीत. वडील गेल्यावर आई माझ्याकडे तेलीबागेत राहायला आली. तेव्हा माझे केस काळे होते, एवढं सांगितलं की पुरे. दादा माझ्याहून मोठा. तो सैन्यात होता आणि त्याची उमेदीची सगळी वर्षं जिथे रस्ताही पोचत नाही अशा ठिकाणी गेली. तिथून फोन लागला तर लागला. कधी ओळीने दोन दिवस यायचा, कधी महिनाभर काही कळायचं नाही. आई तेव्हापासून फोन जवळ घेऊन बसायला शिकली. आता दादा निवृत्त होऊन पुण्यात राहतो, घरात वायफाय आहे, हातात माझ्यापेक्षा महागडा मोबाइल आहे. फोन मात्र तो अजून चौकीवरच असल्यासारखा करतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी घरी येते. रायबरेली रोडची धूळ नाकातोंडात, एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. आई दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसलेली असते, टीव्हीवर मालिका चालू, मोबाइल मांडीवर पालथा. मी आत येते तेव्हा ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणते, "आलीस? मेथी आणलीस का?" यात रागावण्यासारखं काही नाही. मेथी मीच आणणार असते. पण मग मांडीवरचा मोबाइल वाजतो आणि पडद्यावर दादाचं नाव येतं, आणि त्या खुर्चीतून एक वेगळीच बाई उठते. गुडघे दुखत नाहीत. आवाज गावच्या विहिरीवर हाक मारावी तसा लांब आणि गोड होतो. "बोल रे बाळा," म्हणते ती त्या साठीच्या माणसाला. मी पिशवी धरून तशीच उभी असते आणि मला राग येतो. राग म्हणजे अगदी साधा, लहानपणीचा राग. इतक्या वर्षांच्या अभ्यासाने तो एक कणभरही कमी झालेला नाही.

अभ्यास म्हणजे काय, ते सांगायला हवं. एक पेटी असते. पेटीत पांढरा उंदीर, भिंतीवर छोटी दांडी, दांडीच्या वर एक दिवा. दिवा लागल्यावर उंदराने दांडी दाबली की साखरेची एक गोळी पडते. सुरुवातीला गोळी पडली की उंदराच्या मेंदूत खोलवर, जवळजवळ मानेकडच्या बाजूला, काही पेशी एकदम खडबडून जाग्या होतात आणि डोपामिन नावाचं रसायन सोडतात. ते पोचतं मेंदूच्या मधल्या एका भागाकडे, आणि त्या भागाला कळतं की आत्ता जे केलंस ते पुन्हा कर. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, वर्तमानपत्रातसुद्धा येतं. पुढची गोष्ट मला जास्त लागते. उंदीर शिकला, गोळी नेमाने पडायला लागली, की त्या पेशी गोळीसाठी जाग्या होणं बंद करतात. गोळी तीच, तितकीच गोड, उंदीर ती खातोही. पण आत शांत. मेंदूला साखरेचं कौतुक नाही, न ठरलेल्या साखरेचं आहे. जे रोज मिळतं ते तो गृहीत धरतो आणि विषय संपवतो.

ही आकृती मी व्याख्यानांत इतक्या वेळा दाखवली आहे की झोपेतही काढीन. ती घरात लागू होते हे समजायला मला बरीच वर्षं लागली. एके दिवशी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवताना ते मनात आलं: मी म्हणजे नेमाने पडणारी गोळी, आणि दादा म्हणजे कधीतरी पडणारी.

शहाण्या माणसाने यावर गप्प बसावं. पण जन्म उंदरांत गेला की माणूस शहाणा राहत नाही. मी ठरवलं, आपणही बेभरवशाचं व्हायचं.

पहिल्या दिवशी मी तीन वाजताच घरी आले. येताना गल्लीतल्या हलवायाकडून गरम जिलबी घेतली. बेल वाजवली. आईने दार उघडलं, मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? बरं नाही का तुला? दादाचा काही फोन आला का?" जिलबी तिने ओट्यावर ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला खरा, पण त्याला आनंद म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्यात मी जुन्या शहरातल्या चौक बाजारात जाऊन तिच्यासाठी फिकट निळ्या रंगावर पांढरं चिकनकारी भरतकाम केलेली साडी आणली, सण नाही, वार नाही. "कशाला गं," म्हणाली, घडी न मोडता कपाटात ठेवली, आणि फोनवर दादाला सांगितलं, "तू पाठवलेली शाल अजून नवी आहे बघ." मग एकदा मी न कळवता उशीर केला. संस्थेतच बसून राहिले, फोन उचलला नाही. घरी आले तर आई दारातच उभी. मला वाटलं, झालं, लागू पडलं. ती म्हणाली, "बरं झालं आलीस. या चार्जरला काय झालंय बघ जरा, मघापासून चार्ज होत नाहीये. त्याचा फोन आला तर?"

मी हात टेकले. चार्जर नीट करून दिला, वायर सैल झाली होती.

मग दुसरा उपाय मी दादावर केला. उंदरांबद्दल एक पक्कं ठाऊक आहे: प्रत्येक वेळी गोळी मिळणारा उंदीर, गोळी बंद झाली की लवकर समजून जातो आणि दांडी सोडतो. कधी मिळते कधी नाही, अशा भरवशावर वाढलेला उंदीर मात्र गोळी कायमची बंद झाली तरी दाबतच राहतो, कारण आजवर असंच तर होत आलंय, पुढच्या वेळी पडेल. आईची वाट बघणं सोडवायचं तर फोन बंद करून उपयोग नव्हता. फोन नेमाचा करायला हवा होता. मी दादाला म्हटलं, "रविवारी सकाळी दहा वाजता फोन करत जा. दर रविवारी. मधे नको."

"आईला कुणी ठरवून फोन करतं का," तो म्हणाला. "मनात आलं की करतो मी."

"तुझ्या मनात कधी येईल याची ती आठवडाभर वाट बघते दादा."

सैन्यातला माणूस, हुकूम पाळायची सवय. त्याने पाळला.

पहिल्या काही रविवारी आई पहाटेपासून न्हाऊनधुऊन बसलेली. हळूहळू बोलणं आखूड झालं. "हो, बरी आहे. तू? जेवलास? बरं, ठेवू का?" आठवड्याच्या मधल्या दिवशी मोबाइल फ्रिजवर पडून राहायला लागला. एका शनिवारी ती आपणहून म्हणाली, चल, अमीनाबादला जाऊ, मला परकराला कापड घ्यायचंय. आम्ही रिक्षाने गेलो. तिने दुकानदाराला तिच्या हिंदीत सुनावलं, "भैया, ये तो धुतल्यावर बसेगा," आणि तो बिचारा कोण बसणार म्हणून माझ्याकडे बघत राहिला. येताना गर्दीत तिने माझा हात धरला होता. आपल्या शाळेतल्या एका बाईंची गोष्ट सांगत होती, ती मी कधीच ऐकली नव्हती. तिच्या आयुष्यात मी आहे असं मला त्या रिक्षेत वाटलं आणि मी सुखी होते. हे मी लपवत नाही.

मग एका रविवारी दादा कुणाच्या तरी लग्नाला गेला आणि फोन विसरला. आई दुपारी जेवली थोडंसंच. मंगळवारी भर दुपारी त्याने फोन केला. मी योगायोगाने घरी होते. आतल्या खोलीतून मला तो आवाज ऐकू आला, लांब आणि गोड, जराही न विटलेला. मोबाइल फ्रिजवरून खाली आला तो पुन्हा मांडीवर.

मी दादाला फोन करून भांडले. "सगळं ट्रेनिंग मोडलंस तू."

"आई उंदीर आहे का?" तो म्हणाला. याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते भावाला देण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत एक घोटाळा झाला. शिकणं सोपं असतं, आमचं खरं काम असतं शिकलेलं सोडवण्याचं. दांडी दाबून गोळी पडत नाही हे उंदराला कळतं, आधी तो चिडून दुप्पट दाबतो, मग कंटाळतो, मग थांबतो. लोकांना वाटतं की तो विसरला. विसरत बिसरत काही नाही. कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे, त्याचा खालचा कोपरा नवीन धडा शिकतो, इथे आता काही मिळत नाही, आणि जुन्या धड्यावर झाकण ठेवून बसतो. औषधाचा बारीक थेंब सोडून तो कोपरा थोडा वेळ गप्प केला की उंदीर पुन्हा दांडीवर. जुनं सगळं खाली जसंच्या तसं असतं. तर आमचे उंदीर असे नीट थांबलेले होते, आणि एका सकाळी माझी विद्यार्थिनी धावत आली. "मैम, सारे चूहे फिर से दबा रहे हैं." मशीन तपासली, दिवा तपासला, मीही चिडले, तीही रडकुंडीला आली. शेवटी मी तिच्याजवळ उभी राहिले आणि वास आला. आदल्या दिवशी चौक भागात तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं, हातापायाला खसाचं, म्हणजे आपल्या वाळ्याचं, अत्तर लावलेलं. "मैम, नहाई तो थी," ती म्हणाली. पण अत्तराला आंघोळ पुरत नाही. उंदरांना खोली निराळी वाटली. निराळ्या खोलीत झाकणाला काही अर्थ नाही, ते त्या जुन्या वासाच्या खोलीपुरतंच होतं. आमच्याकडे म्हणूनच नियम आहे: तोच माणूस, तीच वेळ, तोच ॲप्रन, अत्तर नाही, नवीन साबणसुद्धा नाही. मी तिला रागावले नाही. दमले होते. दोन महिन्यांचं काम पुन्हा सुरू करायचं होतं.

आईचे गुडघे त्या हिवाळ्यात फारच वाईट झाले. दादाच्या ओळखीतले डॉक्टर पुण्यात होते, तो येऊन तिला घेऊन गेला. ऑपरेशन झालं, मग व्यायाम, मग पावसाळा, मग राहू दे की जरा असं करत ती तिकडेच राहिली. मी सहा वाजता घरी यायचे आणि कुलूप उघडून "आले गं" म्हणायचे. रिकाम्या घराला. मला ते कुठून येतं तेही माहीत होतं: मेंदूचा एक भाग सवयींचा आहे, तो बक्षीस मिळतंय का हे विचारतही नाही, दार दिसलं की काम करून मोकळा होतो. माहीत असून तोंड बंद होत नव्हतं. मेथीही आणली जायची. निवडायला मी एकटीच, मग ती तशीच पिवळी पडायची.

ती पुण्याला गेल्यावर सुरुवातीला मी रोज फोन करायचे. मग संस्थेत एक मोठी तपासणी आली आणि आठवडाभर जमलं नाही. शेवटी एका दुपारी, दोन मीटिंगच्या मधे, जिन्यावर उभं राहून मी फोन लावला.

"अगंबाई, तू," ती म्हणाली. "अगं मी सकाळपासून तुझीच आठवण काढत होते. बोल गं बाळा."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तोच आवाज होता. लांब, गोड, विहिरीवरचा. माझ्यासाठी. मी काय बोलले ते आठवत नाही, उंदरांबद्दल काहीतरी असेल. ती प्रत्येक गोष्टीला "हो का?" म्हणत होती. लोक माझ्या बाजूने वरखाली जात होते, कुणी गुड आफ्टरनून म्हटलं, मी मान हलवली. ते सुख होतं, त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

मग मी काय केलं असेल? रोज फोन करणं थांबवलं. मुद्दाम म्हणावं तर मुद्दाम नाही, पण हात फोनकडे गेला की मनात यायचं, अजून थोडं थांब, आणखी दोन दिवस जाऊ दे, म्हणजे छान बोलेल. तिकडून फोन आला तर कधीकधी उचलायचे नाही. आणि आवाज टिकून राहिला. दादाने एकदा वैतागून फोन केला. "तुझा फोन आला की हिचे गुडघे बरे होतात. मी रोज फिरायला नेतोय, व्यायाम करून घेतोय, आणि मला काय म्हणते माहितीय? हा कसला शर्ट घातलायस."

मी खूप हसले. दादाही हसला, पण त्याचं हसणं मला ओळखीचं वाटलं. भाजीची पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाचं हसणं होतं ते.

दिवाळीच्या आधी एका फोनवर आई अचानक म्हणाली, "मी येऊ का गं तिकडे? इथे सगळं आहे, पण तिथलं माझं घर मला बरं वाटतं."

मी लगेच हो म्हटलं नाही. बघते, थंडी पडायच्या आधी जमवू, तिकीट मिळतंय का पाहते, असं काहीबाही बोलले आणि फोन ठेवला. मला आई हवी होती. आणि मला तो आवाजही हवा होता, तोच जास्त हवा होता, कारण आई तर मला वर्षानुवर्षं मिळाली होती आणि आवाज आत्ता कुठे मिळायला लागला होता. दोन्ही एकत्र मिळत नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. ती आली की मी पुन्हा सहाची गोळी होणार होते. काही दिवस मी तसंच ढकललं. मग एका संध्याकाळी फ्रिज उघडला तर पिवळ्या मेथीची जुडी, तिच्या मागे तशीच दुसरी. मी दोन्ही टाकून दिल्या आणि फोन लावला. आवाज फार चांगला होता, पण आवाजाला जेवायला वाढता येत नाही. "ये," म्हटलं. तिकीट काढलं.

ते तिकीट निघालं आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर ती सामानाबद्दल बोलायला लागली. डिंकाचे लाडू आणू का, तिकडे डिंक चांगला मिळत नाही. स्वेटर कुठल्या कपाटात आहे. तिकडची कामवाली अजून येते का. मी उत्तरं देत राहिले.

चारबाग स्टेशनवर गाडी उशिराच आली. दादाच्या जुन्या पलटणीतलं एक कुटुंब लखनऊला येत होतं, त्यांच्याबरोबर त्याने तिला बसवून दिलं होतं. मी डब्याच्या दारासमोर उभी होते. मला सगळं माहीत होतं. तरीही मी मान उंच करून तिचा चेहरा शोधत होते, आणि दिसला तेव्हा डोळे न हलवता बघत राहिले. ती नवे गुडघे सांभाळत एकेक पायरी उतरली, माझा हात धरला, फलाटावर दोन्ही पाय टेकवले. चेहरा सैल झाला. मला पाहून झाला की पाय जमिनीला लागले म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

फलाटावरची धूळ, उकळत्या चहाची वाफ, तळलेल्या कचोरीचा वास, सगळं तिने एकदा नाकाने आत घेतलं. पुण्यात इतके महिने दादा समोर होता, मोबाइल कुठे ठेवलाय हे तिला शोधावं लागायचं, असं तोच सांगत होता.

"त्याला फोन लाव आधी," आपला मोबाइल माझ्या हातात देत ती म्हणाली. "पोचले म्हणून सांग."

मी लावला. रिंग वाजत राहिली. दादाने उचलला नाही.

"कामात असेल," मी म्हटलं. "करेल मग."

"करेल की," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्या हातातून घेतला. पर्समध्ये नाही ठेवला, मुठीत धरला. मी तिची बॅग खांद्याला लावली, दुसरी हातात घेतली, आणि आम्ही हळूहळू बाहेर रिक्षांकडे चालायला लागलो. जरा पुढे गेल्यावर ती थांबली. मला वाटलं गुडघा दुखला.

"इथे रेंज आहे ना गं?" तिने विचारलं.

"आहे, आई," मी म्हटलं.